घराची फेरपरीक्षा

॥ श्री ॥

डोकमर्डी, सिल्वासा
दि. ८ मार्च, रविवार

सन्माननीय व्याही श्री. विश्वनाथराव यांस,

गजाननचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरा रंग लागलेला आहे आणि तो साबणाने जात नाही. तरी नमस्कार स्वच्छ मनाने केलेला आहे, तो तसाच घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत फार धरतो असं मागे म्हणाला होतात. आता मार्च उजाडला, इगतपुरीतही चार घटका ऊन पडत असेल, तेव्हा उतार असावा. सौ. विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर चालू असतीलच. त्या स्वतः इतक्या वक्तशीर आहेत की गोळ्यांची उशीर करण्याची हिंमत होणार नाही. चि. धनश्रीला आशीर्वाद. ती फोनवर "खाते मी, बाबा" एवढंच म्हणते. काय खाते, किती खाते, त्याचा पत्ता लागू देत नाही. लहानपणीही गृहपाठ झाला का विचारलं की "झाला" म्हणायची आणि वही दाखवायची नाही. इकडे आम्ही सुखरूप आहोत. प्रमिलाही बरी आहे. गेला महिनाभर ती माझ्याशी मोजकंच बोलते, पण ते प्रकृतीमुळे नव्हे, घरात चाललेल्या कामामुळे. त्या कामाचीच हकिगत तुम्हाला लिहायची आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन उचलला की तुम्ही स्पीकर लावता (सवय असते एकेकाला, माझी तक्रार नाही), आणि मी दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच मागून विहीणबाईंचा आवाज येतो, "काय म्हणतायत सिल्वासावाले?" मग माझं तिसरं वाक्य घशातच राहतं. तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवत आलेला माणूस मी, पण त्यांच्यापुढे पाठ केलेली कविताही विसरतो. म्हणून लेखी.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. धनश्रीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. जानेवारीपासून मी "केव्हा न्यायला येऊ" विचारतो आणि तुम्ही "बघू" म्हणता. त्यामागचं कारण न कळण्याइतका मी भोळा नाही. गेल्या मे महिन्यात आपण उभयता आमच्याकडे चार दिवसांसाठी आलात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वापीहून गाडीत बसलात. आमचं घर चौथ्या मजल्यावर, त्यावर थेट गच्ची. विहीणबाई दुपारभर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मोरीजवळच्या फरशीवर बसल्या होत्या, आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, की या घरात बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी वेगळी लागणार नाही. प्रमिला हसली. मीही हसलो. पण विश्वनाथराव, दहा महिने झाले तरी ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी व्हावं एवढीच माझी इच्छा आहे, आणि छत तापतं म्हणून ती राहून जाणार असेल तर मला ते आयुष्यभर टोचत राहील.

डिसेंबरात आमचा फ्रिज गुरगुरायला लागला म्हणून मी भावेशच्या दुकानात गेलो. (भावेश माझा जुना विद्यार्थी, आता विजेच्या सामानाचं मोठं दुकान आहे. गणितात कच्चा होता. त्यावर आता मी काही बोलत नाही.) तिथे प्रत्येक फ्रिजवर तारे छापलेला कागद चिकटवलेला. मी सहज म्हटलं, फ्रिजला तारे, पंख्याला तारे, मग घरानेच काय पाप केलं आहे? भावेश म्हणाला, "सर, घरने पण मळे छे!" (म्हणजे घरालाही मिळतात. मराठी माध्यमात माझ्या हाताखाली दहावीपर्यंत शिकला, पण गल्ल्यावर बसला की गुजराती होतो.) झालं. माझ्या डोक्यात उजेड पडला. विहीणबाईंच्या वाक्याला माझं वाक्य पुरणार नाही, तिथे तिऱ्हाईत माणसाने तपासून दिलेला कागदच हवा. वापीला सोनीबेन नावाची एक इंजिनियर मुलगी आहे, ती बिल्डर लोकांचे नकाशे आणि इमारती तपासून कुठल्या घराला किती तारे बसतील ते सांगते. भावेशच्या शब्दाखातर ती आमचं घर बघायला तयार झाली.

आता तपासणी म्हटली की मला कुणी काही शिकवायला नको. शाळेत अशा कितीतरी मी अंगावर घेतल्या आहेत. कुंड्यांना गेरू, भिंतींना तक्ते, हुशार मुलं पहिल्या बाकावर, आणि ज्यांचं काही खरं नाही त्यांना त्या दिवशी मागच्या खोलीत लेझीम मोजायला बसवायचं. हीच पद्धत मी घराला लावली. जुना फ्रिज (हा आमचा शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी) शेजारच्या अरविंदभाईंच्या घरात नेऊन ठेवला. मीटर शांत दिसावा म्हणून आठ दिवस आधीपासून गीझर बंद, टीव्ही बंद, इस्त्री बंद. प्रमिला आठ दिवस चुरगळलेल्या साड्या नेसून कचेरीत गेली आणि तिथे एका बाईंनी तिला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. हॉलमध्ये वीजबचतीचे चार तक्ते लावले, अक्षर नववीच्या मुलींचं. बारा महिन्यांच्या बिलांचा आलेख काढला, रंगीत. खिडक्यांतली धूळ दिसू नये म्हणून खिडक्या घट्ट लावून त्यांवर नवे जाड पडदे सोडले. दारात रांगोळी, आत गुलाबाचं फूल, नारळ आणि कांदेपोहे.

सोनीबेन जानेवारीच्या अखेरीस आली. पंचवीस-सव्वीसची पोर, खांद्याला पिशवी, हातात एक डबी. ती भिंतीवर रोखली की लाल ठिपका पडतो आणि अंतर कळतं. मी नारळ पुढे केला. तिने तो घेतला आणि आता हा कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. तक्त्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी बिलांचा आलेख उलगडला, तर म्हणाली, "सर, बिल नको. दीवाल किती जाडी आहे?" मी म्हटलं, गेल्या मार्चपेक्षा या डिसेंबरात एकोणीस युनिटं कमी आहेत. ती म्हणाली, "हां सर, पण दीवाल?"

मग तिने जे समजावलं ते मला समजायला दोन दिवस लागले, तेव्हा तुम्हीही सावकाश वाचा. घराचे तारे हे घरातल्या माणसांच्या वागणुकीचे नसतात. तुम्ही पंखे बंद करत फिरा नाहीतर चोवीस तास चालू ठेवा, त्याला गुण नाहीत. घरात एक साधारण कुटुंब राहतं असं धरून चालतात आणि मग बघतात की भिंती कशाच्या आहेत, किती जाड आहेत, कोणती भिंत पश्चिमेच्या उन्हात येते, छतावर काय घातलं आहे, काच कसली, खिडकीवर छज्जा किती पुढे आला आहे आणि खिडकीचा किती भाग खरोखर उघडतो. या सगळ्यावरून ते घर राहण्याजोगं ठेवायला एका चौरस मीटरमागे वर्षाला किती वीज लागेल तो आकडा निघतो. आकडा लहान तेवढे तारे जास्त. म्हणजे परीक्षा घराची, घरमालकाची नाही. विश्वनाथराव, या घरात मी बावीस वर्षं लोकांच्या मागे फिरून दिवे मालवले आहेत. धनश्री न्हाणीघरातून बाहेर पडली की मी बटण बंद करायचो (एकदा ती आत असतानाच केलं). या तपश्चर्येची नोंद कुठेही होत नाही हे ऐकून मला खुर्ची ओढून बसावं लागलं. प्रमिला स्वयंपाकघरात हसत होती. आवाज आला नाही, पण भांडी कशी वाजतात त्यावरून मला कळतं.

पुढे ती बेडरूममध्ये शिरली, हातातल्या नकाशाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं की इथे उत्तरेला एक खिडकी आहे ती कुठे गेली. तिथे माझं शोकेस आहे. तुम्ही पाहिलं आहे. आदर्श शिक्षकाची ढाल, वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण केल्याबद्दलची सन्मानचिन्हं, अशा एकंदर सतरा वस्तू. ते मी अकरा वर्षांपूर्वी करून घेतलं. खोली धनश्रीची होती, पण एवढ्या मापाची भिंत घरात तीच एक, आणि त्या भिंतीला खिडकी आहे ही गोष्ट तेव्हा मला फारशी महत्त्वाची वाटली नाही. मी, अरविंदभाई आणि आमचा वॉचमन नथू, तिघांनी मिळून ते धूड सरकवलं. मागे चार बाय चारची अख्खी खिडकी. कडी गंजलेली. खोबरेल घालून उघडली, तेव्हा आधी अकरा वर्षांची धूळ सोनीबेनच्या अंगावर गेली आणि मग वारा आला. तिने मघाशी उघडून ठेवलेल्या पश्चिमेच्या खिडकीचा पडदा हलला. वारा यायचा तर त्याला पलीकडून जायलाही वाट लागते, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो.

मला त्या वेळी फार लाज वाटली. आमची पोर दहावीला आणि बारावीला याच खोलीत मानेला ओला नॅपकिन गुंडाळून अभ्यासाला बसायची आणि मी तिला सांगायचो की मन एकाग्र झालं की उकडत नाही. एका शब्दाने ती कधी म्हणाली नाही की बाबा, तुमच्या ढाली दुसरीकडे ठेवा. हे तिच्याशी बोलायचं म्हणून मी दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा "जेवलीस का" विचारून ठेवून दिला.

निकाल लागला: पाचापैकी एक तारा. मी अर्थातच वाद घातला. सरकत्या खिडकीचा तिने अर्धाच भाग धरला होता, कारण काच कुठेही सरकवली तरी अर्धी खिडकी झाकलेलीच राहते. मी म्हटलं, अर्ध्याचा पूर्ण करून टाका, आम्ही वार्षिक परीक्षेत ग्रेस देतो. तिने नुसती मान हलवली. तीस वर्षांत मी किती पालकांपुढे अशी मान हलवली असेल, त्यामुळे लगेच ओळखली. मग तिने पिस्तुलासारखं एक यंत्र छतावर रोखलं. दुपारचे तीन, महिना जानेवारी, आणि छताची खालची बाजू सदतीस अंश! निघताना मात्र माझा चेहरा पाहून म्हणाली, "सर, सुधरी जशे. पहिलं छत करा." पोहे तिने दोनदा मागून घेतले. तेवढंच त्या दिवशीचं आमचं यश, आणि तेही प्रमिलाचं.

छत करायचं म्हणजे गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचा. गच्ची सोसायटीची, अरविंदभाई चेअरमन. सभा मी मुद्दाम दुपारी गच्चीवरच घ्यायला लावली आणि पाऊण तास बोललो, तेच चार तक्ते वापरून. सभासद माना डोलावत होते, पण त्या झोपेमुळे डोलत होत्या असं नंतर कळलं. शेवटी जिन्याच्या दारात उभा असलेला नथू (हा नंदुरबारकडचा, 'आठे' म्हणजे 'इथे') म्हणाला, "सर, मे महिनामा आठे पाय ठेवाले जमत नही." लगेच ठराव पास. माझ्या पाऊण तासाचा इतिवृत्तात उल्लेखही नाही.

रविवारी आणि दुसऱ्या शनिवारी नथूने आणि मी मिळून आमच्या घरावरचा भाग घासला, धुतला आणि त्याला रंगाचे दोन हात दिले. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येतो तो काय, गच्ची लालभडक! मसाल्याचे दिवस, त्यात अशी धुतलेली, पांढरीशुभ्र, निर्मळ जागा. आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींमधल्या झाडून सगळ्या बायका मिरच्या घेऊन वर आल्या होत्या. एका कोपऱ्यात कुरडया, दुसऱ्यात धने. पांढरा रंग ऊन परतवतो, मिरच्या परतवत नाहीत, हे मी त्यांना शास्त्रीय पद्धतीने सांगितलं. मग "येथे वाळवण घालू नये" अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी त्या पाटीवर कुणीतरी चादर वाळत घातली. अखेर प्रमिलाने मध्यस्थी केली आणि तह झाला: आमच्या स्वयंपाकघरावरचा तुकडा तूर्त वाळवणाला, बाकीचा विज्ञानाला.

पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूची चटई बांधली आहे, कारण ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवण्यात अर्थ नसतो, ते बाहेरच अडवावं लागतं. शोकेस विकलं. ढाली एका खोक्यात घालून माळ्यावर टाकल्या. (आदर्श शिक्षकाची तेवढी टीव्हीवर ठेवली आहे. माणसाने एकदम संन्यास घेऊ नये.) परवा शुक्रवारी सोनीबेन फेरतपासणीला आली. या वेळी तक्ते नाहीत, नारळ नाही, फ्रिज आपल्या जागेवर गुरगुरत उभा. बाहेर जानेवारीपेक्षा कितीतरी कडक ऊन होतं, तरी छत बत्तीस. आणि एक खाजगी गोष्ट सांगतो. शाळा सकाळची आहे, त्यामुळे रोज दुपारी मी त्या खोलीत पंखा बंद करून अर्धा तास उताणा पडतो, तान्हं बाळ ठेवतील त्या जागी, तसाच. प्रमिलाला हा वेडेपणा वाटतो. पण गुरुवारी मला तिथे झोप लागली, पंख्याशिवाय, आणि जाग आली तेव्हा मान कोरडी होती. मी उठून बसलो आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

तेव्हा विश्वनाथराव, गेल्या मे महिन्यातला शेरा आता मागे घ्यावा आणि पाडवा झाला की मला लेकीला न्यायला येण्याची परवानगी द्यावी. उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
गजानन

ता. क. १: फेरतपासणीत तारे किती मिळाले ते लिहायचं राहून गेलं, असं तुम्हाला वाटलं असेल. राहून गेलं नाही, मी टाळलं. तीन मिळाले. अपेक्षा पाचाची होती. सोनीबेन म्हणते की जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्याला तीन म्हणजे पेढे वाटावेत. शिवाय हा सरकारी दाखला नव्हे, तिने साध्या कागदावर लिहून दिलेला तिचा अंदाज आहे. कागद सोबत जोडला आहे. विहीणबाईंना दाखवताना शिक्का असायला हवा त्या जागी तुमचा अंगठा राहील असं बघावं.

ता. क. २: आता खरं मागणं. धनश्रीबरोबर विहीणबाईंनाही पाठवा. प्रमिलाला रजा मिळून मिळून महिनाभर मिळेल, आणि तान्ह्या बाळाची मान कशी धरतात ते मला माहीत नाही. धनश्रीच्या वेळी मी निवडणुकीच्या ड्यूटीवर होतो. एका दुपारीत आमच्या घराचा दोष नेमका ओळखणारी बाई माझ्या नातवंडाच्या उशाशी असावी असं मला मनापासून वाटतं. हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही. आणि मुख्य म्हणजे, आधी धनश्रीला विचारा. तिला इगतपुरीतच राहावंसं वाटत असेल तर तसं स्पष्ट कळवा, मी रागावणार नाही. या खोलीच्या बाबतीत तिला काय हवं ते मी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही, तीच चूक पुन्हा करायची नाही.

ता. क. ३: (हे अक्षर प्रमिलाचं.) भाऊ, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं आहे म्हणून चार ओळी. विहीणबाईंचं आणि माझं संक्रांतीलाच फोनवर ठरलं आहे. पाडव्यानंतरच्या शनिवारी त्या धनश्रीला घेऊन येणार आणि बारसं होईपर्यंत राहणार. मागणं धनश्रीचंच होतं, तिला दोघी आया जवळ हव्या आहेत. मे महिन्यात निघताना जे बोलल्या त्याबद्दल विहीणबाई दुसऱ्याच दिवशी फोनवर हळहळल्या होत्या. मग होकार लांबवायला त्यांनी तुम्हाला का सांगितलं, असं विचाराल. भाऊ, बावीस वर्षांत ह्यांनी या घरात खिळासुद्धा ठोकला नव्हता. होकार लांबला म्हणून खिडकी उघडली, शोकेस गेलं, गच्ची झाली. मी सगळं पाहते आहे आणि बोलायला गेले तर हसू येईल म्हणून गप्प आहे. खोली खरोखर गार झाली आहे, तिथे माझाही डोळा लागतो. आता फक्त स्वयंपाकघरावरचा तुकडा राहिला. मिरच्या उचलायला मी बायकांना सांगितलं आहे, येत्या रविवारी तोही रंगवून होईल. तेवढा होकार सोमवारी कळवावा.